कोरा पडलेला डिस्प्ले : एका व्हेंडिंग मशीनच्या दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

काचेचे दार असलेले, मळसूत्री तारांतून पाकिटे पुढे ढकलणारे आणि आतून थंड राहणारे हे व्हेंडिंग मशीन आज दुरुस्तीसाठी माझ्याकडे सोपवण्यात आले. तक्रार अशी की डिस्प्ले कोरा पडतो, पण आतले दिवे चालूच राहतात. वापरणाऱ्यांच्या सांगण्यानुसार डिस्प्ले कधी जातो आणि पुन्हा कधी येतो याचा काही नेम नाही. याआधी तपासणी झाली तेव्हा दार उघडताच सगळे सुरळीत दिसले आणि यंत्र तसेच सोडून देण्यात आले. हे ऐकल्यामुळे दाराला हात लावण्याआधी बाहेरून जेवढे कळेल तेवढे समजून घ्यायचे मी ठरवले, कारण अधूनमधून उद्भवणारा दोष समोर हजर असतो तेव्हाच त्याच्याकडून काय ते काढून घ्यावे लागते.

दार बंद असताना दिसले ते असे. आतली प्रकाशपट्टी चालू होती आणि कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत होती, त्यामुळे मुख्य वीजपुरवठा यंत्रापर्यंत पोचत होता याबद्दल शंका उरली नाही. किपॅडवरची बटणे दाबली तर नेहमीचा बारीक आवाज येत नव्हता. नाणे टाकले तर ते कुठेही न अडता थेट परतीच्या खणात पडत होते. नोटा घेणाऱ्या उपकरणाच्या तोंडाशी असलेले हिरवे दिवे विझलेले होते. या तीन गोष्टी डिस्प्लेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. केवळ डिस्प्ले बिघडला असता तर बटणांनी आवाज दिला असता आणि नाणेही स्वीकारले गेले असते. नाणी तपासून घेणारे उपकरण, म्हणजे कॉइन चेंजर, आपण होऊन नाणे ठेवून घेत नाही. यंत्राचा सगळा कारभार चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाने परवानगी दिली तरच तो नाणे आत घेतो आणि परवानगी नसली की ते परतीच्या वाटेला लावतो. म्हणजे परवानगी देणारा बोर्डच गप्प होता.

हा डिस्प्ले व्हॅक्यूम फ्लुरोसंट प्रकारचा आहे. निर्वात काचेच्या आत केसासारख्या बारीक तारा तापतात, त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या लेपावर आदळतात आणि निळसर हिरवी अक्षरे उजळतात. अक्षरे उमटवण्याचा संदेश आला नाही, पण वीज येत असली, तर डिस्प्लेवर जाड कापड धरून अंधार केल्यावर या तारांचा अगदी फिका लालसर उजेड कधी कधी दिसतो. तसा उजेड इथे दिसला नाही.

त्यानंतर दार उघडले. थोड्याच वेळात डिस्प्लेवर सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक उमटला आणि मग नेहमीचा मजकूर आला. आवृत्तीचा क्रमांक फक्त नव्याने सुरू होताना दिसतो, म्हणजे बोर्डाची वीज खरोखरच गेलेली होती आणि आत्ताच परत आली होती. दार लावल्यावर यंत्र काही वेळ चालले आणि संध्याकाळी पुन्हा कोरे पडले.

नाण्याच्या आणि नोटांच्या फटींवर कागद चिकटवून यंत्र बंद ठेवले आहे. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रात कोणी पैसे टाकत नाही. अधूनमधून जागे होणारे यंत्र मात्र पैसे घेऊन मोटर फिरण्याआधीच कोरे पडू शकते, आणि समोरच्या माणसाला ना वस्तू मिळते ना काय झाले हे सांगणारी एखादी ओळ. दोष नक्की सापडेपर्यंत हा कागद काढायचा नाही.

५ मार्च

वीज बंद करण्यापूर्वी यंत्रातल्या सगळ्या मांडण्या वहीत उतरवून घेतल्या : प्रत्येक खणाची किंमत, तापमानाची मर्यादा, घड्याळ, एकूण विक्रीचे आकडे आणि पैसे स्वीकारणाऱ्या उपकरणांच्या निवडी. बोर्डावरची लहान बॅटरी थकलेली असली तर वीज काढताच ही माहिती पुसली जाऊ शकते. डिस्प्ले दुरुस्त झाला पण यंत्र किमती विसरले, तर ते काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

मग प्लग काढला. या यंत्राच्या तळाशी २३० व्होल्टचा भाग आहे : प्लगची तार, फिल्टर, मुख्य फ्यूज, कॉम्प्रेसरची जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर. या भागात वीज चालू असताना हात घालायचा नाही, आणि मोजमाप घ्यायचेच असेल तर मीटरच्या तारांची टोके, म्हणजे प्रोब, आधी जोडून, झाकण लावून, मगच पुरवठा सुरू करायचा, ही शिस्त मी पाळतो. अर्थिंगचा मार्ग प्लगच्या पिनेपासून दाराच्या धातूपर्यंत सलग असल्याची खात्री करून घेतली.

फ्यूज डोळ्यांनी तपासू नये. काचेच्या आतली तार अखंड दिसते आणि टोपीखाली ती सुटलेली असते. कधी फ्यूज ठीक असतो आणि त्याला धरणारी चिमटी सैल झालेली असते. प्रत्येक फ्यूज धारकातून बाहेर काढून त्याचा रोध मोजला, चिमट्या साफ केल्या आणि त्यांची पकड पाहिली. सगळे फ्यूज शाबूत निघाले.

त्यानंतर पुरवठ्याची मोजमापे घेतली. ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्ट एसीचा आहे आणि भार नसताना त्याच्या बाहेरच्या बाजूला २६ व्होल्ट मिळाले, जे अपेक्षितच आहे. या २४ व्होल्टचा शिखरबिंदू १.४१ पटीने, म्हणजे सुमारे ३४ व्होल्टवर जातो. पैसे स्वीकारणारी उपकरणे ज्या एमडीबी प्रणालीने बोर्डाला जोडलेली असतात, तिचा ठरलेला पुरवठाही ३४ व्होल्ट डीसीच आहे आणि तो किमान २० ते कमाल ४२.५ व्होल्टच्या दरम्यान राहिला पाहिजे. एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आणि वीज साठवून ती सपाट करणारा मोठा कपॅसिटर यांच्या पुढे विनाभार ३५ व्होल्ट आणि बोर्ड जोडल्यावर ३३ व्होल्ट भरले. दार उघडे होते आणि डिस्प्ले उजळलेला होता. म्हणजे यंत्राच्या पेटीत पुरवठा ठीक दिसतो, आणि तरीही दारातला बोर्ड उपाशी राहतो.

७ मार्च

दार उघडल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली म्हणजे दाराचा स्विच सुटतो आणि बोर्ड देखभालीच्या अवस्थेत जातो. दुसरी म्हणजे बिजागरीपाशी तारांचा जुडगा हलतो. दार सताड उघडे ठेवून तो स्विच हाताने बराच वेळ दाबून धरला. बोर्डाला दार बंद झाल्याचे वाटले, डिस्प्लेवर विक्रीचा मजकूर आला आणि तो टिकून राहिला. स्विचवर किंवा सॉफ्टवेअरवर घ्यायचा संशय त्यामुळे बराच मावळला.

पैसे स्वीकारणाऱ्या उपकरणांचा विचारही करायला हवा होता. कॉइन चेंजर, नोटा घेणारे उपकरण आणि कार्ड रीडर हे सगळे एकाच एमडीबी केबलवर एकापुढे एक जोडलेले असतात. बोर्ड ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिटच्या) गतीने प्रत्येकाला आळीपाळीने विचारणा करतो आणि त्याच केबलच्या पहिल्या दोन पिनांवरून त्यांना वीजही पुरवतो. त्यामुळे एखाद्या उपकरणाच्या आत शॉर्ट झाला तर ते उपकरण एकटे बंद पडत नाही. सगळ्यांचा पुरवठा खाली ओढून ते बोर्डालाही आपल्याबरोबर झोपवू शकते. कोऱ्या डिस्प्लेमागे बरेचदा बिघडलेला कार्ड रीडर किंवा त्याची चेंगरलेली केबल निघते, म्हणून ही तपासणी मी कधीच वगळत नाही.

दर वेळी वीज बंद करून एकेक उपकरण सोडवले आणि दार लावून वाट पाहिली. शेवटी तिन्ही उपकरणे सुटी असतानाही डिस्प्ले कोरा पडला, तेव्हा ती तिन्ही निर्दोष ठरली. ती सुटीच ठेवून पुढचे काम करणार आहे, कारण भार जितका कमी तितके आकडे वाचायला सोपे.

८ मार्च

नवा कंट्रोल बोर्ड मागवावा, म्हणजे वेळ वाचेल, अशी सूचना एका सहकाऱ्याने केली. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि यंत्र बंद असलेला प्रत्येक दिवस त्यांना खटकतो, हे मला समजते. तरीही मी नकार दिला. बोर्ड बदलण्यासाठी दार उघडावे लागते, सगळे कनेक्टर काढून पुन्हा बसवावे लागतात आणि जुडगा हलवावा लागतो. एवढे केल्यावर यंत्र काही दिवस चालणारच, मग बोर्ड जुना असो की नवा. त्या काही दिवसांच्या जोरावर चांगला बोर्ड भंगारात जाईल आणि दोष दारातच राहील. बोर्डाच्या पायाशी वीज पोचते की नाही हे मोजल्याशिवाय बोर्डाला दोषी धरणे मला मान्य नाही.

१० मार्च

आज दार बंद ठेवून मोजमाप घेतले, आणि या कामातला निर्णायक टप्पा हाच ठरला.

बोर्डाच्या पुरवठ्याच्या दोन्ही पिनांना पातळ, चांगल्या आवरणाच्या तारा जोडल्या, त्या प्रत्येकीत लहान फ्यूज बसवला आणि दाराच्या रबराच्या कडेने त्या बाहेर आणून मल्टिमीटरला लावल्या. काळा प्रोब मुद्दाम बोर्डाच्या स्वतःच्या परतीच्या पिनेवर घेतला, दाराच्या धातूवर नाही. या यंत्रात डीसीची परतीची तार पुरवठ्याच्या बाजूला पेटीच्या धातूला जोडलेली आहे आणि दार अर्थिंगच्या पट्टीने पेटीला जोडलेले आहे. बोर्ड मात्र प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर उभा आहे. काळा प्रोब दाराच्या धातूला टेकवला तर परतीची तार तुटलेली असतानाही मीटर पूर्ण ३३ व्होल्ट दाखवतो आणि पाहणारा निश्चिंत होतो. वीज जायला जशी वाट लागते तशी यायलाही लागते, आणि मापन त्या दोन्ही वाटांच्या टोकांवर व्हायला हवे.

शिवाय मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो बोर्डावरच्या लहान लाल दिव्याकडे तोंड करून दाराच्या आत ठेवला. बोर्ड जिवंत असताना हा दिवा ठरावीक लयीत लुकलुकतो.

दार लावल्यावर सुरुवातीला ३२ व्होल्ट दिसत होते. कॉम्प्रेसर सुरू होऊन दार किंचित थरथरले तेव्हा आकडा २८ वर आला, मग २५ वर, आणि डिस्प्ले तरीही पूर्वीइतकाच तेजस्वी होता. त्यानंतर आकडा एकदम कोसळला, डिस्प्ले क्षणात कोरा झाला आणि मीटर ७ ते १५ व्होल्टच्या दरम्यान अस्थिरपणे नाचत राहिला. किमान नोंद ७ व्होल्टच्या खाली गेलेली आढळली. मोबाइलवरच्या चित्रीकरणात त्याच क्षणी लाल दिव्याची लय तुटून तो विझला आणि पुढे मधूनच अर्धवट चमकत राहिला.

डिस्प्ले आधी मंद का झाला नाही, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून माझ्या मनात होता आणि त्याचे उत्तर इथे मिळाले. बोर्डावरचा स्विचिंग रेग्युलेटर कोणत्याही येणाऱ्या व्होल्टेजपासून नेमके ५ व्होल्ट बनवतो. येणारे व्होल्टेज घटले की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी तो जास्त प्रवाह ओढतो. वाटेत कुठे रोध असेल तर जास्त प्रवाहामुळे त्या रोधावर आणखी व्होल्टेज पडते, बोर्डाकडे आणखी कमी पोचते आणि रेग्युलेटर आणखी प्रवाह ओढू लागतो. एका मर्यादेपर्यंत हे सगळे सांभाळले जाते आणि बाहेरून काहीही कळत नाही. मर्यादा ओलांडली की सगळेच एकाएकी ढासळते. ही मर्यादा काढता येते. उपकरणे सुटी असताना बोर्ड आणि डिस्प्ले मिळून सुमारे १० वॅट घेतात. स्रोत ३३ व्होल्टचा असेल तर व्होल्टेजच्या वर्गाला शक्तीच्या चौपटीने भागून येणारा रोध, म्हणजे सुमारे २७ ओहम, ही शेवटची सीमा. त्याहून जास्त रोध वाटेत असेल तर १० वॅट बोर्डापर्यंत पोचूच शकत नाहीत. ढासळल्यावर रेग्युलेटर स्वतःला बंद करतो, भार सुटल्यामुळे व्होल्टेज वर येते, तो पुन्हा सुरू होऊ पाहतो आणि पुन्हा पडतो. मीटरचे नाचणे आणि लाल दिव्याची अर्धवट चमक ही त्या धडपडीचीच चिन्हे होती.

म्हणून आता शोध घ्यायचा तो पेटीतला पुरवठा आणि दारातला बोर्ड यांच्यामध्ये दडलेल्या पंचवीस-तीस ओहमांचा.

११ मार्च

तुटलेली तार शोधण्यासाठी वीज बंद करून रोध मोजण्याची पद्धत सर्वांना परिचित आहे, पण अशा दोषात ती फसवी ठरते. आतल्या तांब्याचा एखादा धागा जरी टेकलेला असला तरी मीटरच्या किरकोळ प्रवाहाला तेवढा पुरतो आणि तार अखंड असल्याची शिटी वाजते. त्यापेक्षा तारेतून खरा प्रवाह वाहत असताना तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्टेज पडते ते पाहावे. इथे तार सुमारे दीड मीटर लांब आणि ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची आहे. चांगल्या अवस्थेत तिचा रोध ०.०४ ओहमहूनही कमी असतो आणि ०.३ अँपिअर प्रवाहाला तिच्यावर सुमारे १० मिलिव्होल्ट पडायला हवेत.

पुरवठ्याच्या तारेवर तेवढेच पडले आणि दार हलवूनही आकडा जागचा हलला नाही. परतीच्या तारेवर दार सताड उघडे असतानाच ०.६ व्होल्ट भरले, म्हणजे अपेक्षेच्या साठपट. दार अगदी सावकाश ओढत आणले तसा आकडा वाढत गेला. शेवटच्या वीतभर अंतरात तो ४ व्होल्टपर्यंत चढला आणि दार चौकटीला टेकताना डिस्प्ले विझला. दार दोन बोटे मागे घेताच डिस्प्ले परत आला. अनिश्चित वाटणारा दोष आता हवा तेव्हा उभा करता येत होता आणि हवा तेव्हा घालवताही येत होता. दुरुस्तीला हात घालण्याची परवानगी मी स्वतःला या टप्प्यावर देतो.

१२ मार्च

प्लग काढून बिजागरीपाशी असलेली जाळीदार नळी उसवली. आत तारांचा जुडगा प्लॅस्टिकच्या पट्ट्याने बिजागरीच्या अगदी तोंडाशी घट्ट आवळलेला होता. प्रत्येक वेळी दार उघडता-लावताना सगळ्या तारा त्याच एका बिंदूवर कागदाच्या घडीसारख्या दुमडत होत्या. परतीच्या तारेचे काळे आवरण बाहेरून कुठेही फाटलेले नव्हते. चिमटीत धरून ती सरकवत नेली तेव्हा पट्ट्याच्या कडेला बोटांना एक मऊ जागा लागली : आवरण तिथे किंचित बारीक झाले होते आणि आत काही कठीण हाती लागत नव्हते. ते आवरण उभे चिरल्यावर तांब्याचे बहुतेक धागे तुटलेले दिसले, टोके काळवंडलेली होती आणि एकदोन धागेच परस्परांना चाटून जात होते. दार उघडे असताना ही टोके एकमेकांना टेकत, आणि दार लागले की ती दूर सरकत.

तुटलेल्या जागी सोल्डर करून नळी चढवणे हा सर्वांत झटपट उपाय होता, पण तो इथे चालणार नाही. सोल्डर तारेच्या धाग्यांत झिरपून तेवढा भाग ताठ करते आणि पुढची वाकणूक त्या ताठ भागाच्या कडेवर एकवटते. तार तिथेच नव्याने तुटते. सारख्या हलणाऱ्या भागात कोणताही सांधा असू नये. म्हणून पुरवठ्याची आणि परतीची अशा दोन्ही तारा कनेक्टरपासून कनेक्टरपर्यंत सलग नव्या टाकल्या, त्याही बारीक धाग्यांच्या, जास्त लवचिक प्रकारच्या. पिना योग्य पक्कडीने दाबून बसवल्या आणि प्रत्येक तार ओढून पाहिली. जुडग्यातल्या इतर तारा बोटांनी एकेक करून तपासल्या. मऊ जागा लागलेली आणखी एक तार, दाराच्या स्विचची, तीही बदलली.

जुडग्याची मांडणीही बदलली आहे. आता तारा बिजागरीच्या उभ्या अक्षाला समांतर थोडे अंतर जातात, त्यामुळे दार फिरताना त्या दुमडत नाहीत, तर त्यांना लांबीवर विभागलेला हलका पीळ बसतो. पकडपट्टे या भागाच्या दोन्ही टोकांना, सैलसर बांधले आहेत आणि मध्ये पुरेशी ढील ठेवली आहे. दार पूर्ण उघडून आणि पूर्ण लावून कुठे ताण येतो का, कुठे धातूच्या कडेला तार घासते का, हे पाहिले. परतीच्या तारेवर आता दाराच्या कोणत्याही स्थितीत १० मिलिव्होल्टच्या आसपासच आकडा राहतो.

१४ मार्च

पैसे स्वीकारणारी उपकरणे पुन्हा जोडली. डिस्प्ले दार लावून टिकून आहे. मात्र आज देखरेखीत आणखी एक गोष्ट दिसली : कॉम्प्रेसर सुरू होण्याचा क्षण आणि मळसूत्राची मोटर फिरण्याचा क्षण एकत्र आले तेव्हा नोटा घेणारे उपकरण नव्याने सुरू झाले आणि डिस्प्ले क्षणभर लुकलुकला. तार बदलल्याने हे व्हायचे थांबायला हवे होते असे नाही. हा वेगळा दोष आहे आणि तो पुरवठ्याच्या बाजूचा आहे.

मल्टिमीटर एसीवर ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या टोकांवरची लहर, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, मोजली. यंत्र स्वस्थ असताना, सुमारे ०.६ अँपिअर भाराला, ती १.९ व्होल्ट भरली. डीसी मापनात फक्त सरासरी दिसते, त्यामुळे ५ तारखेच्या ३३ व्होल्टमध्ये या खाचा दडून राहिल्या होत्या. वीज काढून, कपॅसिटर रोधकातून रिकामा करून, तो सुटा करून मोजला. त्याच्या अंगावर ४७०० मायक्रोफॅरड छापलेले आहेत. भरले सुमारे ९००. फुगवटा किंवा गळती काहीच नव्हते, बाहेरून तो नव्यासारखा दिसत होता.

याचा परिणाम आकड्यांत मांडला की चित्र स्पष्ट होते. पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ब्रिज रेक्टिफायरनंतर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो आणि मधल्या काळात भाराला एकटा पोसतो. मोटर फिरताना भार दीड अँपिअरपर्यंत जातो. पूर्ण क्षमतेचा कपॅसिटर या वेळात सुमारे ३ व्होल्टने खाली येतो. ९०० मायक्रोफॅरडचा सोळा-सतरा व्होल्टने. म्हणजे शिखर ३५ वर असले तरी खाच १८ व्होल्टच्या आसपास पोचते, आणि एमडीबी उपकरणांची किमान मर्यादा २० व्होल्ट आहे. त्यात कॉम्प्रेसर सुरू होताना मुख्य पुरवठाच क्षणभर दबतो. उपकरणांनी मान टाकली यात त्यांचा काही दोष नव्हता.

कपॅसिटर इतका का थकला याचे कारण त्याच्या जागेत आहे. तो कॉम्प्रेसरच्या बाजूला, गरम हवेच्या वाटेत बसवलेला आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. या यंत्राच्या कंडेन्सरच्या, म्हणजे थंडाव्याच्या यंत्रणेतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, जाळीवर धुळीचा थर होता, त्यामुळे गरम हवा तळात अडकत होती. जाळी आजच ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ केली.

१७ मार्च

नवा कपॅसिटर बसवला : ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसचा. जुना ५० व्होल्टचा होता. मुख्य पुरवठा १० टक्क्यांनी वाढला आणि भार नसला तर इथले शिखर ४० व्होल्टवर जाते, म्हणून जास्तीची मोकळीक ठेवली आहे. धन-ऋण टोके बसवण्यापूर्वी पुन्हा पडताळली. लहर आता ०.४ व्होल्टच्या खाली आहे आणि मोटर, कॉम्प्रेसर एकत्र चालवूनही कोणतेही उपकरण नव्याने सुरू होत नाही.

बोर्डावरची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी २.६ व्होल्टवर आली होती. बोर्डाचा पुरवठा चालू ठेवून ती बदलली, म्हणजे स्मृती मधल्या काळात बोर्डाच्याच विजेवर टिकून राहिली. मांडण्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, सगळ्या जुळल्या.

डिस्प्लेची स्वतःची चाचणी घेतली, ज्यात सगळे ठिपके एकदम उजळतात. डावीकडची तीन अक्षरस्थाने थोडी फिकी आहेत, कारण तिथे वर्षानुवर्षे तोच मजकूर अखंड उमटत राहिला आणि फॉस्फर झिजला. वाचायला अडचण नाही, म्हणून डिस्प्ले बदलायचा नाही. मांडणीत तेजस्वितेची पातळी एक पायरी कमी केली आहे. फटींवरचे कागद आज काढले आणि यंत्र वापरासाठी खुले केले.

२८ मार्च

दार लावून, किमान-कमाल नोंदणारा मीटर बोर्डाच्या पिनांवर ठेवून सलग निरीक्षण केले. या काळात माल भरण्यासाठी दार अनेकदा उघडले-लावले गेले आणि कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालू-बंद होत राहिला. किमान नोंद ३० व्होल्टच्या खाली गेली नाही. बोर्डाच्या नोंदवहीत अनपेक्षित पुनरारंभ नाही.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद प्लॅस्टिकच्या आवरणात लावला आहे. त्यावर या यंत्राचे निरोगी अवस्थेतले आकडे लिहिले आहेत : भार असताना आणि नसताना पुरवठ्याचे व्होल्टेज, कपॅसिटरवरची लहर, दोन्ही तारांवर पडणारे मिलिव्होल्ट आणि प्रत्येक आकडा नेमका कोणत्या दोन बिंदूंवर घेतला ते. काळा प्रोब बोर्डाच्या परतीच्या पिनेवरच ठेवावा, ही सूचना ठळक अक्षरांत आहे.

याच जागेत याच बनावटीचे आणि एवढ्याच वयाचे दुसरे मशीन आहे. त्याच्याबद्दल अजून कोणाचीही तक्रार नाही आणि त्याचा डिस्प्ले व्यवस्थित उजळलेला असतो. आज त्याच्या परतीच्या तारेवरचे व्होल्टेज मोजले. दार उघडे असताना ८० मिलिव्होल्ट आणि दार लावताना ३१० मिलिव्होल्ट भरले. जुडगा तिथेही बिजागरीच्या तोंडाशीच आवळलेला आहे. त्या यंत्रासाठी तारा आणि कपॅसिटर मागवले आहेत. ते हाती येईपर्यंत पट्टा कापून जुडगा मोकळा केला आहे आणि माल भरणाऱ्यांना दार सावकाश लावण्याची विनंती केली आहे.